समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कोण काय करते, आणि पुण्यातून तिथे कसे पोहोचावे

प्रश्न: माझी मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. विषय प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. तिला समुद्रविज्ञानात संशोधन करायचे आहे. आमच्या घरात किंवा ओळखीत या क्षेत्रातले कोणी नाही. अशा प्रयोगशाळेत प्रत्यक्षात कोणते काम चालते, ते कोण करते, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहून तिने आत्ता काय करावे?

उत्तर:

मी अनेक वर्षे किनाऱ्यावरील एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर काम केले आणि आता पुण्यात राहून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. आपल्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना बहुतेक वेळा मोठी उपकरणे, डॉल्फिन आणि प्रवाळ यांच्याविषयी ऐकायचे असते. ते सारे या विषयात आहेच. पण समुद्रविज्ञानाची प्रयोगशाळा चांगली की सुमार हे ठरते ते समुद्रातले पाणी आणि वहीतला आकडा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांवरून. ही साखळी एका जागी तुटली तर पुढचे कितीही महागडे उपकरण तो आकडा वाचवू शकत नाही. म्हणून पदांची आणि विभागांची यादी देण्याऐवजी मी पाण्याच्या एका नमुन्यामागे जातो. वाटेत माणसे आपोआप भेटतील.

आधी तो नमुना कशासाठी घ्यायचा, हे सांगायला हवे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण अत्यंत कमी असते, आणि त्या पट्ट्याच्या काही भागांत तर तो जवळजवळ शून्यावर येतो. पृष्ठभागावर वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ भरपूर होते, मेलेले जीव आणि त्यांची विष्ठा खाली झिरपत जाते, जिवाणू ती कुजवताना ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि उत्तरेकडून जमिनीने बंद असलेल्या या समुद्रात खालच्या थरांना ताजे पाणी फार सावकाश मिळते. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू नायट्रेटवर श्वसन करू लागतात. त्यातून नायट्रोजन वायू बाहेर पडतो आणि काही प्रमाणात नायट्रस ऑक्साइडही तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवणारा वायू आहे.

हेच आपल्या किनाऱ्याजवळ, अगदी उथळ पाण्यातही, दर पावसाळ्यात घडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध, पण ऑक्सिजनला पारखे पाणी खंडान्त उतारावरून, म्हणजे उथळ समुद्रतळ जिथे खोल समुद्राकडे उतरतो त्या उतारावरून, वर सरकते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वरती काही मीटर जाडीचा हलका थर करून बसते, त्यामुळे वरचा ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा ऑक्सिजन संपून काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड तयार होण्यापर्यंत मजल जाते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उथळ पाण्यातून बाहेर पडणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची मोजमापे २००० साली प्रसिद्ध केली, आणि पश्चिम किनाऱ्याकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले.

आता नमुना. संशोधननौका ठरलेल्या अक्षांश-रेखांशावर थांबते, आणि कप्तान वारा व प्रवाह पाहून ती अशा बेताने धरून ठेवतो की तारेला बांधलेली उपकरणे नौकेच्या बुडाखाली ओढली जाऊ नयेत. वर्तुळाकार चौकटीत बसवलेल्या बारा किंवा चोवीस उभ्या बाटल्या आणि मध्ये क्षारता, तापमान व खोली मोजणारे सीटीडी नावाचे उपकरण असा तो संच असतो. विंच, म्हणजे तार सोडण्याचे आणि गुंडाळण्याचे यंत्र, चालवणारा माणूस तो सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली सोडतो. दोन हजार मीटर खोलीपर्यंत जाऊन, वाटेत थांबत परत यायला एक तासाहून अधिक वेळ लागतो, आणि त्या संपूर्ण वेळात त्या माणसाची नजर तारेवरून हलत नाही. समुद्र खवळलेला असेल तर तार क्षणभर सैल पडून पुन्हा झटक्याने ताणली जाते, आणि लाखो रुपयांची सामग्री तळाशी जाऊ शकते. डेकवर सारंग, म्हणजे खलाशांचा प्रमुख, आणि खलाशी दोऱ्यांनी तो संच सावरून आत घेतात. यांपैकी कोणाचेही नाव शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली येत नाही, फार तर शेवटी आभारात एक ओळ असते. तरीही कोणत्या वाऱ्यात उपकरण सोडायचे नाही हे सांगणारा अनुभवी सारंग ज्या नौकेवर असतो, तिथे नमुने कमी वाया जातात. मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञाने त्याचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संच डेकवर आला की ऑक्सिजनसाठीचे पाणी इतर बहुतेक नमुन्यांच्या आधी काढतात, कारण बाटलीची तोटी उघडल्यापासून बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन आत शिरू लागतो. लवचिक नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी सावकाश भरू द्यायचे, बाटलीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी ओसंडून वाहू द्यायचे, आणि काचेला चिकटलेला एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. लगेच मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड ही दोन द्रावणे आत सोडून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. साका बसला की सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवतात. त्यातून ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते आणि ते थायोसल्फेटने मोजतात. हे द्रावण थेंबाथेंबाने घालतात, आणि आयोडीन संपल्याची खूण म्हणून घातलेल्या पिष्टाचा निळा रंग शेवटी एका थेंबासरशी जातो. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली सांगितलेली ही पद्धत आजही ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकांची (सेन्सरची) पारख करण्यासाठी वापरली जाते.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीला ही पद्धत अभ्यासक्रमात भेटलीच असेल. समुद्रावर फरक पडतो तो पुढे. ऑक्सिजनरहित थरातले पाणी आले की साका तपकिरी न होता पांढराच राहतो, आणि नेमक्या याच जागी पद्धत अपुरी पडू लागते: द्रावणांमध्येच थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, नमुना भरताना थोडा शिरतो, आणि अशा पाण्यात साचलेले नायट्राइट आयोडीनच्या मापनात गडबड करते. म्हणजे जिथे खरा आकडा शून्याच्या आसपास आहे, तिथे निष्काळजी हात दर वेळी शून्याहून मोठा आकडा काढतो. यावर उपाय आहेत. नायट्राइटसाठी अझाइड वापरतात, अत्यल्प ऑक्सिजनसाठी रंगमापनाची वेगळी पद्धत आहे आणि आता फार संवेदनशील संवेदकही मिळतात. मात्र कोणत्या बाटलीला कोणता उपाय लागेल हे ओळखणारी व्यक्ती बाटलीपाशी उभी असावी लागते. बहुतेक प्रयोगशाळांत ती एखादी तांत्रिक अधिकारी असते, जिने हेच काम वर्षानुवर्षे केलेले असते. पदवीने तिच्याहून मोठे असलेले संशोधक आपल्या आकड्याविषयी शंका आली की तिच्याकडे जातात. माझ्या क्षेत्रात मला सर्वाधिक आदर वाटतो तो या लोकांविषयी.

उरलेले पाणी वेगवेगळ्या हातांत जाते. क्षारता तपासण्यासाठी ठेवलेल्या बाटल्या प्रमाणित समुद्रजलाशी ताडून मोजतात. नायट्रेट कॅडमियमच्या स्तंभातून नेऊन त्याचे नायट्राइट करतात आणि गुलाबी रंगाच्या गडदपणावरून मोजतात. फॉस्फेटसाठी निळा रंग येतो. वनस्पतिप्लवकांसाठी पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून अंधुक प्रकाशात गाळतात, कागद गोठवून ठेवतात आणि नंतर ॲसिटोनमध्ये हरितद्रव्य काढून घेतात. ही कामे रात्री-अपरात्री होतात. नौका ठिकाणावर पोहोचली की पहाटेचे तीन असले तरी सर्वांनी उठायचे असते, आणि समुद्र लागलेला असला तरी गाळणी थांबवता येत नाही.

प्राणिप्लवकांविषयी, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक प्राण्यांविषयी, मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली मुलगी प्राणिशास्त्राची आहे आणि इथे माणसांची फार मोठी उणीव आहे. बारीक जाळीतून ओढून आणलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, किनाऱ्यावर आणून त्याचे समान भाग करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करतात. त्यात बहुसंख्य असतात ते कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान कवचधारी जीव. कित्येक कोपेपॉडांची जात ओळखण्यासाठी त्यांच्या पायांची पाचवी जोडी सुईच्या टोकाने सुटी करून पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत विविध देशांच्या नौकांनी गोळा केलेले प्राणिप्लवकांचे नमुने वेगळे करण्यासाठी कोचीत १९६२ साली हिंदी महासागर जैविक केंद्र सुरू झाले. त्या मोहिमेच्या पाठोपाठच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. कोचीच्या त्या टेबलांवर बसून एका पिढीने हिंदी महासागरातल्या जिवांची ओळख शिकून घेतली. आज अशा वर्गीकरणतज्ज्ञांची संख्या रोडावली आहे. पाण्यातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याच्या पद्धती वेगाने पुढे येत आहेत आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. परंतु डीएनएच्या क्रमाशी जुळवायला आधी कोणीतरी प्रत्यक्ष प्राणी हातात घेऊन, त्याचे नाव ठरवून, त्याचा क्रम नोंदवलेला असावा लागतो. एखाद्या तरुण व्यक्तीने दोन्ही शिकून घेतले, तर तिला काम कमी पडणार नाही.

मोठी नौका दर महिन्याला एकाच ठिकाणी जाऊ शकत नाही. किनाऱ्याजवळची नियमित मोजणी भाड्याने घेतलेल्या मासेमारी होड्यांतून होते. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरावीक ठिकाणी विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांपासून वर्षानुवर्षे अशी मोजणी होत आली, आणि वर वर्णिलेली पावसाळ्यातली ऑक्सिजनची घट दरवर्षी सारखी नसते हे त्यातूनच कळले. अशा कामात होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, हा संशोधनाचाच भाग असतो. कोणत्या दिवशी खाडीच्या मुखाशी लाटा फुटतील, भरतीची कोणती वेळ साधावी, हे तो सांगतो. शिवाय तळाचे मासे आणि कोळंबी नेहमीची जागा सोडून किनाऱ्याकडे सरकली, तर ते आधी त्याच्या जाळ्याला कळते आणि मग आमच्या बाटलीला. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, समुद्र धोकादायक असतो, ढगांमुळे उपग्रहांना पाण्याचा रंग दिसत नाही. म्हणजे ज्या काळात सर्वाधिक मोजमापे हवीत, त्याच काळात ती सर्वांत अवघड होतात. भारताने १९९९ साली ओशनसॅट-१ हा उपग्रह सोडल्यापासून पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्य मोजण्याची स्वतःची सोय केली, पण जून ते सप्टेंबर या काळासाठी होडीला पर्याय अजून मिळालेला नाही.

या माणसांच्या नेमणुकांविषयी पालक म्हणून आपल्याला स्पष्ट कल्पना असावी. शासकीय प्रयोगशाळेत कायम पदांवरचे शास्त्रज्ञ आणि तांत्रिक कर्मचारी असतात. त्यांच्या भोवती पीएच.डी.चे विद्यार्थी आणि ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर नेमलेले सहायक असतात. प्रत्यक्ष नमुने घेण्याचे आणि मोजण्याचे पुष्कळसे काम या दुसऱ्या गटाकडे असते. प्रकल्प संपला की सहायक निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्या ठिकाणची, त्या उपकरणाची, त्या वहीची जाणही जाते. दीर्घकालीन मोजणीत अचानक दिसणारा बदल समुद्रातला आहे की हात बदलल्यामुळे आलेला, हा प्रश्न मग वर्षानुवर्षे छळतो. तांत्रिक पदे रिकामी ठेवून नवी उपकरणे विकत घेणे हे मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. आपल्या मुलीने या वाटेला येताना पहिली काही वर्षे अनिश्चित असतील हे गृहीत धरावे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, आणि विषय व मार्गदर्शक निवडण्याचे काही स्वातंत्र्यही मिळते. म्हणून ती परीक्षा मनावर घ्यावी.

आपण विचारले नसले तरी मुलगी नौकेवर जाणार म्हटल्यावर घरात काळजी निर्माण होते, हे मी पाहिले आहे. पुण्यातच बी.एस्सी. झालेल्या डॉ. अदिती पंत यांचे उदाहरण घरात सांगावे. हवाई आणि लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या, आणि १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह सहभागी झाल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या दोघी पहिल्या महिला. पुढे पंत यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम केले. आज संशोधननौकांवर मुलींची संख्या चांगली असते आणि पाळ्या सर्वांना सारख्याच असतात. समुद्र लागण्याचा त्रास मात्र स्त्री-पुरुष पाहत नाही; बहुतेकांना तो पहिले काही दिवस होतो आणि मग ओसरतो.

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावर काम करणारी माणसे इथे फार पूर्वीपासून आहेत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा, जी १९६२ साली स्थापन झाली, मोसमी पावसाचा अभ्यास हिंदी महासागरावाचून होऊच शकत नाही. १९५० ते २०२० या काळात या महासागराचा पृष्ठभाग दर दशकाला सुमारे ०.१२ अंश सेल्सिअस तापत गेला, आणि त्यामुळे वरचा व खालचा थर एकमेकांत कमी मिसळून पोषकद्रव्यांचा पुरवठा घटतो, यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी महत्त्वाचे काम केले आहे. पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवकांमध्ये सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली असावी, असा त्यांचा २०१६ सालचा निष्कर्ष आहे. तो पडताळण्यासाठी लागणारे आकडे पुन्हा त्याच गाळणकागदांवरून येतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेचा प्रारंभ १९१६ सालचा. तिथे बंदरांच्या आणि खाड्यांच्या मोठ्या प्रतिकृती उभारून त्यांत भरती-ओहोटी व लाटा निर्माण करतात, आणि गाळ कुठे साचेल हे बंदर बांधण्याआधी पाहतात. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि प्राण्यांचे नमुने जपून कसे ठेवतात हे पाहण्यासाठी आपल्या मुलीने तिथे रीतसर परवानगी घेऊन अवश्य जावे.

आता तिने काय करावे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विंकलर पद्धतीची सामग्री मागून घ्यावी आणि पाषाण तलावाचे किंवा मुठेचे पाणी सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीनच्या सुमारास तपासावे. शैवाल दिवसा ऑक्सिजन तयार करते आणि रात्री सर्वच जीव तो वापरतात, त्यामुळे दोन आकड्यांत फरक दिसायला हवा. एकाच पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या तर तिन्ही आकडे किती जुळतात, हे तिने आधी पाहावे; ते जुळत नसतील तर तलावाविषयी काही बोलू नये. हे काम वर्षभर केले, तर समुद्रावर जाण्याची निम्मी तयारी झाली. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी जाऊन बांगडा आणि तारली आणावी, कल्ल्यांवरचे गाळणीसारखे दाते पाहावेत, पोट उघडून त्यातले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे; प्राणिप्लवकांचे तुकडे ओळखू येऊ लागतात. सुट्टीत रत्नागिरीला जावे. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचे १९५८ सालापासूनचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि मत्स्यालय आहे, आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर तासभर बसले तरी पुस्तकातली अर्धी प्राणिसृष्टी समोर येते. संख्याशास्त्र आणि एखादी संगणकभाषा शिकणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. पोहणेही शिकावे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत परंगीपेट्टै येथे असलेले अन्नामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र हे विचारात घेण्याजोगे पर्याय आहेत. मत्स्यविज्ञानाकडे ओढा असेल तर रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्रयोगशाळा निवडताना प्रसिद्ध झालेल्या निबंधांची संख्या मोजत बसू नये. भेटीला गेल्यावर नमुन्यांची नोंदवही दाखवा म्हणावे, गोठवून ठेवलेल्या बाटल्यांवर तारीख, ठिकाण, खोली आणि भरणाऱ्याची आद्याक्षरे आहेत का पाहावे, वीज गेली तर शीतकपाटाचे काय होते हे विचारावे, आणि मार्गदर्शकाच्या खोलीत जितका वेळ बसाल तितकाच तांत्रिक कर्मचाऱ्यांजवळ बसावे. तिथून नुकतीच पीएच.डी. पूर्ण केलेल्या दोघा-तिघांशी बोलल्यावर उरलेले कळेल.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येईल. त्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करता येते. अर्जात “समुद्राची लहानपणापासून आवड आहे” असे लिहिण्यापेक्षा पाषाण तलावाचे वर्षभराचे आकडे, तिन्ही बाटल्यांतील तफावतीसह, एका तक्त्यात जोडावेत. मी अर्ज वाचत असे तेव्हा असा तक्ता असलेला अर्ज आधी वाचायला घेत असे.